उल्कालोहाची भट्टी

सरकारनं गिरणा मोटर्स वाचवली, असं तेव्हा सगळ्या पेपरांत छापून आलं होतं. त्या वाक्याचा मला अजून राग येतो. कंपनीच्या गेटवर महिनोन् महिने आम्ही बसलो, थकलेला पगार राहू द्या, आधी कंपनी चालू करा असं म्हणालो आम्ही, आणि वाचवली म्हणे सरकारनं. पण खोटं कशाला बोलू, सरकारी पैसा आला नसता तर सातपूरच्या आमच्या शेडमध्ये आज एखादं मंगल कार्यालय चालू असतं.

मी ज्योत्स्ना खैरनार. गिरणाच्या हीट ट्रीटमेंट विभागात, म्हणजे भट्ट्यांवर, माझं निम्मं आयुष्य गेलं. आमची कंपनी विजेवर चालणारे छोटे मालवाहू टेम्पो बनवते. नाशिकच्या मार्केट यार्डात टोमॅटो नाहीतर द्राक्षं घेऊन येणाऱ्या गाड्यांत आमच्या गाड्या चटकन ओळखू यायच्या. गाडीचं जवळजवळ सगळं आम्ही इथंच करायचो, अगदी मोटरसुद्धा. फक्त मोटरच्या पोटातली चुंबकं बाहेरून यायची. ती ज्या दुर्मीळ धातूंची बनतात, ते धातू शुद्ध करणारे बहुतेक कारखाने एकाच देशात होते, आणि एके वर्षी त्या देशानं कसल्याशा भांडणात पुरवठा बंद करून टाकला. मुठीत मावतील एवढ्या तुकड्यांवाचून आमच्या तयार गाड्या यार्डात उभ्या राहिल्या.

देशातल्या बऱ्याच वाहन कंपन्यांचं तेच झालं. मोठ्यांनी कसाबसा तग धरला, आमच्यासारख्या आडव्या झाल्या. मग सरकारनं पैसा ओतला, पण फुकट नाही. त्या बदल्यात कंपनीत मोठा हिस्सा घेतला. मालकांच्या घराण्याकडे थोडा राहिला. आमचा थकलेला पगार द्यायला मात्र काही उरलं नव्हतं, म्हणून त्याचेही शेअर करून ते कामगारांच्या एका ट्रस्टमध्ये ठेवले. कंपनीच्या चौथ्या हिश्श्याहून जरासा जास्त असा तो आमचा वाटा. ट्रस्टची प्रमुख म्हणून सगळ्यांनी मला निवडलं, ते माझी अक्कल बघून नाही, तोंड बघून. "बाई, तुमच्यापुढं साहेबलोक जपून बोलतात," असं आमच्या विभागातला कौतिक अहिरे म्हणाला, आणि त्याला ते चांगल्या अर्थानंच म्हणायचं होतं.

सरकारी पैशातून कंपनीत एक संशोधन विभागही उघडला. विभाग कसला, एक खोली आणि एक भट्टी. तिचा प्रमुख माझा धाकटा भाऊ, डॉक्टर यशोधन देवरे. आई लवकर गेली, त्यामुळे यशाला मीच वाढवला. माझ्या भट्टीवरच्या पगारात तो धातुशास्त्र शिकला, पीएच.डी. झाला, आणि मग मलाच भट्टी कशी चालते ते समजावून सांगायला लागला. मी चिडायचे, पण आतून फार बरं वाटायचं.

एका रविवारी माझ्याकडे जेवायला आला असताना तो म्हणाला, "आक्का, आकाशातून पडणाऱ्या काही उल्कांमध्ये आयतं चुंबक मिळतं. त्यात दुर्मीळ काही नाही. लोखंड आणि निकेल, बस्स."

"मग लोखंड काय आपल्याकडं नाही?"

"लोखंड आहे. उल्केइतका वेळ नाही."

त्यानं सांगितलं ते मला कळलं तसं सांगते. लोखंड आणि निकेल एकत्र वितळवलं की दोघांचे अणू कसेही मिसळतात, आणि अशा मिश्रणाचं चुंबक दुबळं होतं. उल्केतल्या त्या धातूत मात्र अणूंचे थर लागलेले असतात. एक थर लोखंडाचा, त्यावर निकेलचा, पुन्हा लोखंडाचा. असे थर लागले की धातूचं चुंबकत्व एका दिशेला ठाम बसतं, सहजासहजी सुटत नाही. अडचण अशी की हे थर साधारण तीनशे अंशांच्या खालीच टिकतात, आणि एवढ्याशा उष्णतेत अणू जागचे हलत नाहीत. लग्नाच्या पंगतीत एक मुलाकडचा, एक मुलीकडचा असं बसवायचं ठरवलं, पण पानावर बसलेला माणूस काही उठायला तयार नाही, तसा हा प्रकार. अवकाशात उल्का लाखो वर्षं थंड होत राहते, म्हणून तिथं एकेक अणू सावकाश आपल्या जागी पोचतो.

यशाचं म्हणणं होतं की मिश्रणात थोडा फॉस्फरस घातला तर अणूंना हलायला वाट मिळेल. वरून प्रेसचा दाब ठेवायचा, आणि भोवती विजेच्या वेटोळ्यानं चुंबकीय क्षेत्र ठेवायचं, म्हणजे कुठल्या दिशेला तोंड करून बसायचं तेही अणूंना कळेल. सगळं जमून आलं तर लाखो वर्षांचं काम दोन-चार दिवसांत व्हावं. या धातूला त्यानं नाव दिलं उल्कालोह. हिशेब बरोबर होता, पण भट्टीतून निघायचं ते चुंबक फ्रिजच्या दारावर कागद अडकवण्याच्या लायकीचं. दोन वर्षं हेच चाललं. यशा भट्टी एका ठरावीक तापमानाला धरून ठेवायचा, तुकडा बाहेर काढायचा, मोजायचा आणि कपाळाला हात लावायचा.

त्यात खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या औद्योगिक वसाहतीत यंत्रं बंद ठेवतात. धुऊन पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूच्या माळा घालून त्यांची पूजा करतात, आणि मग दसरा उलटेपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही. यशाच्या भट्टीत नेमका माल होता.

"ही एक भट्टी चालू राहू दे," तो म्हणाला. "हे संशोधन आहे."

"साहेब, ते काय चालायचं नाही," कौतिक म्हणाला. "आज पिठाची गिरणीसुद्धा बंद असते."

यशानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याची बहीण होते, पण भट्ट्यांची सुपरवायझरही होते. मी सरळ जाऊन भट्टीचा ताप बंद केला आणि तिच्या दाराला माळ घातली. यशा जो तणतणत गेला तो दसऱ्याला जेवायलाही आला नाही. त्याच्या वाटणीचं श्रीखंड फ्रिजमध्ये पडून राहिलं.

आमची एक चूक झाली होती. ताप बंद केला, पण प्रेसचा दाब आणि वेटोळ्याची वीज तशीच चालू राहिली. वेटोळं ना आवाज करतं ना तापलेलं दिसतं, त्यामुळे ते यंत्र आहे हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. हळदकुंकूसुद्धा कुणी लावलं नव्हतं. दाराला माळ असल्यानं भट्टी उघडायची कुणाची हिंमत नव्हती. ती आपली आपण हळूहळू निवत राहिली.

दसऱ्यानंतर कामावर आलो तेव्हा यशा गुरकावत भट्टीपाशी गेला, वेटोळं बंद केलं आणि चिमट्यानं तुकडा बाहेर काढला. चिमटा सुटेना. कौतिकनं ओढून पाहिला, मी ओढून पाहिला. शेवटी दोघांनी दोन बाजूंनी धरून तो सोडवला. यशानं तुकडा हातात उलटापालटा करून पाहिला. "मी त्याला कधी निवांत थंड होऊच दिलं नाही," एवढंच तो म्हणाला. दर वेळी मोजायच्या घाईत तो तुकडा लवकर बाहेर काढत होता. दाब आणि क्षेत्र चालू ठेवून ताप सावकाश उतरवला की अणूंना जागा सापडत होत्या.

मग त्यानं तेच पुन्हा पुन्हा करून पाहिलं, कधी थोडं हळू, कधी थोडं भराभर, आणि कृती पक्की बसवली. शोधनिबंधात त्यानं 'नियंत्रित मंद शीतन' असं लिहिलं. झेंडूच्या माळेचा त्यात उल्लेख नव्हता, यावरून मी त्याला पुष्कळ छळलं.

वर्षभरात आमच्या टेम्पोत आमचीच चुंबकं बसायला लागली. आणि मग नॉर्वेहून नॉर्डविक या वाहन कंपनीचे हालवर्सन आले.

माणूस चांगला होता. भट्टीपाशी आला तर हात मागे बांधून उभा राहिला, विचारल्याशिवाय कशाला शिवला नाही. आम्हा सगळ्यांच्या कानांत दुभाषी यंत्रं होती, त्यामुळे त्यांचं बोलणं मराठीत ऐकू यायचं आणि माझं त्यांच्या भाषेत. माझं बोलणं ते यंत्र जरा मऊ करून सांगत असावं, कारण हालवर्सन सारखे हसून मान डोलवायचे.

त्यांची मागणी साधी होती. सरकारचा हिस्सा ते विकत घेणार, म्हणजे सरकारचा पैसा सुटणार. सातपूरला टेम्पोची नवी शेड बांधणार. मात्र उल्कालोहाची कृती आणि तिचे सगळे हक्क नॉर्डविकच्या नावावर जाणार, आणि चुंबकं नॉर्वेत बनणार. यशाला तिकडे मोठी प्रयोगशाळा मिळणार. एवढ्या मोठ्या बदलाला कंपनीतली चारांत तीन हिस्से मतं लागत होती. सरकार तयार होतं, मालकही तयार होते. आम्ही नाही म्हटलं तर मात्र काहीच होणार नव्हतं.

यशा त्या संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याचा चेहरा लहानपणी जत्रेला निघताना असायचा तसा होता.

"आक्का, तिथं अणूंचे थर डोळ्यांनी बघता येतील असं यंत्र आहे. मी इतकी वर्षं आंधळ्यासारखा चाचपडत होतो."

"तू जा की. तुला कोण अडवतंय? कृती मात्र इथं राहील."

त्याला कळायला क्षणभर लागला. "तू नाही म्हणणार?"

"उद्या नॉर्वेनं नळ बंद केला तर पुन्हा गेटवर कोण बसणार, तू का मी?"

"शोध माझा आहे, आक्का."

"भट्टी मी बंद केली होती."

"म्हणजे आता अपघातातही हिस्सा मागणार तू?" तो उठून उभा राहिला. "मला शिकवलंस ते काय भट्टीशेजारी बांधून ठेवायला?"

हे मात्र मला फार लागलं. मी तोंडाला येईल ते बोलले, सरकारी पैशातून ती खोली उभी राहिली, तो पैसा लोकांचा होता, वगैरे. सगळं खरं होतं, पण मी ते रागानं बोलत होते, आणि राग कमी होता, भीती जास्त होती. हा गेला तर मागं वळून बघणार नाही, हे मला कळत होतं. तो जेवण तसंच टाकून गेला.

मत ट्रस्टचं होतं, माझ्या एकटीचं नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी गेटवर सभा घेतली. बरेच जण नॉर्डविकच्या बाजूचे होते, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. नवी शेड कुणाला नको असते? एक जण तर तोंडावर म्हणाला, "बाई, तुमचा अभिमान आमच्या पोरांच्या फीमध्ये चालत नाही." मग कौतिक उभा राहिला. त्याच्या मुलीचं लग्न आधीच्या बंदपायी लांबलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

"पुन्हा गेटवर बसायची माझी बिलकूल तयारी नाही," तो म्हणाला. "पण काल ते गोरे साहेब आपल्या भट्टीसमोर हात मागं बांधून उभे होते. आजवर आपण कुणापुढं तसे उभे राहिलो, ते आठवा. मी तर नाहीच म्हणणार."

हात वर झाले. थोडक्यात निभावलं, पण नाही म्हणणारे जास्त होते.

मग भागधारकांच्या बैठकीत सरकारच्या वतीनं चित्राव मॅडम होत्या. कडक बाई, पण सरळ. त्या म्हणाल्या, "खैरनारबाई, टेम्पो बनवणं हे सरकारचं काम नाही. लोकांचा पैसा परत येतोय, बाहेरून गुंतवणूक येतेय. तुम्हाला आणखी काय हवंय?"

"गुंतवणूक यावी की. नॉर्डविकनं हवा तेवढा हिस्सा घ्यावा, हवी तेवढी चुंबकं न्यावीत. कृती आणि भट्टी इथं राहील."

हालवर्सन म्हणाले, "मी शब्द देतो. तुमचा पुरवठा आम्ही कधीही थांबवणार नाही."

"तुमच्या शब्दावर माझा विश्वास आहे," मी म्हणाले, आणि तो होताही. "आधी ज्यांच्याकडून चुंबकं यायची, त्यांचा विक्रेताही देवमाणूस होता. दर दिवाळीला सुका मेवा पाठवायचा. पुरवठा त्यानं थांबवला नाही, त्याच्या वरच्यांनी थांबवला. तुमच्या वरही कुणीतरी असेलच."

या वेळी यंत्रानं काही मऊ केलं नसावं. हालवर्सन हसले नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाले, "हो. आहेत."

मी ट्रस्टचं मत विरोधात दिलं. चित्राव मॅडमनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "ठीक आहे. पण पुन्हा अडचणीत आलात तर सरकार दुसऱ्यांदा येणार नाही. हे मी आत्ताच सांगते." यशा टेबलाच्या टोकाला बसला होता. त्यानं कुणाकडे न बघता संगणक मिटला आणि तो बाहेर गेला.

महिन्याभरात तो नॉर्वेला गेला. उल्कालोह त्याला तिकडे बनवता येणार नव्हतं, पण नॉर्डविकला असा माणूस हवाच होता. त्यांनी त्याला मालाच्या तपासणीची प्रयोगशाळा दिली. कृती आम्ही राखली आणि माणूस घालवला. विमानतळावर मी गेले नाही, त्यानंही बोलावलं नव्हतं. तो गेल्यावर मी रविवारचा स्वयंपाक करणंच सोडून दिलं.

पुढचं वर्ष वाईट गेलं. उल्कालोहाचा बोभाटा होताच त्या जुन्या देशानं पुरवठा पुन्हा चालू केला, तोही निम्म्या भावात. आम्हाला बुडवायलाच तो भाव होता, हे पोरालाही कळलं असतं. तरी पुष्कळ कंपन्या तिकडे धावल्या. आमचे पगार अर्ध्यावर आले, आणि सभेत मला फीबद्दल सुनावणारा तो माणूस माझ्याकडे नुसता बघायचा. त्याच्या बघण्याला मी घाबरायचे.

आम्हाला हात दिला तो ज्यांचं तोंड एकदा पोळलं होतं त्यांनी. आधी कोल्हापूरकडचे, पंपांच्या मोटरी बनवणारे पंपवाले आले, मग चाकणच्या दोन लहान कंपन्या, मग रिक्षा बनवणारे. "महाग पडलं तरी चालेल, पण रात्री झोप लागली पाहिजे," असं एक पंपवाले म्हणाले आणि आगाऊ पैसे देऊन गेले. त्या पैशातून भट्ट्या वाढल्या. यशाची कृती आता कौतिक नव्या लोकांना शिकवायचा, आणि मोजायची घाई करणाऱ्याला असा काही झापायचा की बघत राहावं. पुढं त्या देशानं दुसऱ्या कुठल्याशा भांडणात पुन्हा नळ बंद केला. यार्डात गाड्या उभ्या राहिल्या, पण त्या वेळी आमच्या नव्हत्या. आमच्या गेटवर रांग लागली.

सरकारचा हिस्सा सोडवून घेऊन त्यांचा सगळा पैसा आम्ही व्याजासकट परत केला, त्या दिवशी चित्राव मॅडम मुद्दाम सातपूरला आल्या. भट्ट्यांची ती ओळ त्यांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन पाहिली. "माझ्या नोकरीत पैसे मागायला पुष्कळ आले," त्या म्हणाल्या, "परत द्यायला तुम्हीच आलात." त्या दिवशी मी अशी ताठ चालत घरी गेले, की पाय जमिनीवर होते की नाही, आठवत नाही.

आणि मग नॉर्डविकची मागणी आली. हिस्सा नको, कृती नको, नुसती चुंबकं पाहिजेत. जगभर टंचाई होती आणि त्यांच्या गाड्या अडल्या होत्या. आम्ही जीव ओतून पहिला माल पाठवला. तो त्यांच्या तपासणी विभागानं नापास करून टाकला.

त्या विभागाचा प्रमुख कोण आहे, ते मला माहीत होतं. माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांत आम्ही एक शब्द बोललो नव्हतो, पण मी सरळ फोन लावला.

"काय रे, सूड घेतोस?"

तो म्हणाला, "प्रत्येक खोक्यातले थोडे तुकडे कडेला कच्चे आहेत, आक्का. तिथं थर लागलेच नाहीत. मी इथं बघितलेत, माझ्या डोळ्यांनी. तू इथं असतीस तर तूही परत पाठवला असतास."

मी फोन आपटला आणि शेडमध्ये गेले. तो चुकीचा निघावा अशी माझी फार इच्छा होती. पण नव्या भट्ट्यांच्या दाराकडची बाजू लवकर निवत होती, आणि तिकडचे तुकडे खरंच कच्चे होते. पंपाला ते चालून जायचे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मी आणि कौतिकनं दारं बदलून घेतली, ताप उतरवायचा वेळ वाढवला, आणि सगळा माल नव्यानं केला. चिडत होते तरी एक गोष्ट मला कबूल करावी लागली. इतका चोख माणूस मी वाढवला होता, आणि बहिणीचा माल म्हणून त्यानं एक तुकडाही सोडला नव्हता. त्या विचारानं मला भट्टीसमोर उभ्या उभ्या रडू आलं, आणि कौतिक शहाण्यासारखा दुसरीकडे बघत राहिला.

दुसरा माल पोचल्यावर यशाचा फोन आला.

"पास केला, आक्का. सगळा." मग जरा घुटमळून म्हणाला, "इथली मंडळी थर बघायला गोळा झाली होती. इतके सरळ थर त्यांनी कधी पाहिले नव्हते. हे कुठून आलं म्हणून विचारत होते."

"मग तू काय सांगितलंस?"

"आमच्या घरचं आहे, म्हणालो."

मी त्याला एवढंच विचारलं, की पुढचा माल कधी पाठवू.